फी माफ झाली, तरी पोरं कॉलेज का सोडतात?

तिफण

बारावीचे निकाल लागले की घराघरांत फीची बोलणी सुरू होतात. मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पदवी महाविद्यालयात शिकवते. शिकवण्यासोबत शिष्यवृत्तीच्या अर्जांचं कामही माझ्याकडे आहे. ते करताना जे दिसतं त्यावरून एक गोष्ट मांडायची आहे, म्हणून हा धागा. फी माफ करणं ही अर्धी मदत झाली. उरलेली अर्धी म्हणजे खोली, मेस, एसटीचा पास आणि पैसा हातात पडण्याची वेळ. आमची पोरं गळतात ती या दुसऱ्या अर्ध्यात.

आधी जे चांगलं झालं ते सांगते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने इतर मागास, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अट एवढीच की कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून हवा. आधी यातल्या बहुतेक मुलींना निम्मीच सवलत होती. या निर्णयासाठी राज्याने ९०६ कोटींचा जादा भार उचलला. "पोरीला इंजिनिअरिंगला कुठं पाठवता, डीएड करा" असं म्हणणारे बाप आता निदान कॉलेजांची यादी बघायला बसतात. मला याचं मनापासून कौतुक आहे.

पण याच निर्णयात खोलीभाडं नाही, मेस नाही. शिक्षण शुल्क सोडून कॉलेज जे इतर शुल्क लावतं, तेही नाही. फार्मसीला छत्रपती संभाजीनगरला गेलेल्या मुलीचं शुल्क शून्य झालं, तरी जूनमध्ये खोलीची अनामत, पहिल्या महिन्याचं भाडं आणि मेसचा आगाऊ पैसा रोख लागतो. आमच्याकडे जून म्हणजे पेरणी. त्याच पंधरवड्यात बी-बियाणं, खत आणि लेकीची खोली.

अनुसूचित जातींच्या मुलांसाठीची मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरची शिष्यवृत्ती ही देशातली फार जुनी योजना आहे, १९४४ पासूनची. तिच्या उत्पन्नमर्यादेकडे बघा: अडीच लाख, आणि दहा वर्षांहून जास्त काळ तीच. त्यातला निर्वाह भत्ता बघा. बीए, बीकॉम, बीएस्सी करणाऱ्या आणि घरून ये-जा करणाऱ्या मुलाला वर्षाला ३,००० रुपये, म्हणजे महिन्याला २५०. वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला ६,०००. तालुक्याच्या ठिकाणी दोन वेळचा डबा महिन्याला याच्या कितीतरी पट पडतो.

राज्याच्या स्वाधार योजनेने हे ओळखलं, हे मान्य करायलाच हवं. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना मुंबई-पुणे-नागपुरात वर्षाला ६०,०००, इतर महापालिकांच्या शहरांत ५१,००० आणि बाकी जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३,००० रुपये. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना त्याच धर्तीवर आहे. ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली. आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. कागदावर साखळी जवळजवळ पूर्ण झाली. तुटते ती तारखेवर. घरमालक जूनमध्ये पैसे मागतो आणि योजनेचा हप्ता हजेरी, पडताळणी, निधी वितरण असं करत कधी दिवाळीनंतर, कधी परीक्षेच्या तोंडावर येतो. मधले महिने कोण भरून काढतं? सावकार, बचत गट, नाहीतर पोराची अर्धवेळ नोकरी. ती नोकरी लागली की सकाळचे तास सुटतात. तास सुटले की हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाते. हजेरी गेली की पुढचा हप्ता अडकतो.

माझ्या वर्गातला एक मुलगा यातच गेला. आईबाप ऊसतोडीला कर्नाटकात. अर्ज करताना ओटीपी बापाच्या फोनवर जायचा, कारण आधारला तोच नंबर जोडलेला. बाप फडात, फोन खोपीवर, तोही बंद. मुदत संपायच्या आधी अर्ज गेला खरा, पण तोवर मुलगा पुण्याला गोदामात कामाला लागला होता. हुशार होता. अर्थशास्त्रात त्याचे प्रश्न मला घरी जाऊन वाचायला लावायचे.

तुमच्या भागात काय चित्र आहे? कॉलेज सोडलेल्यांची कारणं तुम्ही विचारली असतील तर लिहा.

हिशेबनीस

तिफणताई, मी एका विनाअनुदानित कॉलेजच्या कार्यालयात आहे, शिष्यवृत्तीचंच टेबल. तुम्ही मुलांची बाजू मांडली ती शंभर टक्के खरी. कार्यालयाच्या खिडकीमागून काय दिसतं तेही सांगतो.

अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीचा पैसा पूर्वी दोन वाटांनी यायचा. फी कॉलेजच्या खात्यात, भत्ता मुलाच्या. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने योजना बदलली, केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के असा वाटा ठरवला, आणि केंद्राचा हिस्सा फीसकट थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जायला लागला. राज्याने आपला हिस्सा आधी द्यायचा, मग केंद्राचा येणार. विद्यार्थ्याने फीची रक्कम ७ दिवसांत कॉलेजात भरायची.

आता विचार करा. ज्या घरात कधी एवढी रक्कम एकदम आलेली नाही, तिथे पैसे जमा झाल्याचा मेसेज येतो. आजी दवाखान्यात असते, उसनवारी फेडायची असते, खोलीभाडं चार महिने थकलेलं असतं. त्या पोराने काय करावं? मी किती जणांना समोर मान खाली घालून उभं राहिलेलं पाहिलंय. आणि कॉलेजची अडचण अशी की आमचे पगार फीच्या याच सरकारी भरपाईवर, म्हणजे प्रतिपूर्तीवर चालतात. प्रतिपूर्ती अडली की पगार अडतात, मग संस्थाचालक परीक्षा अर्जाच्या वेळी मुलांना अडवतात. हे चूक आहे, नियमात बसत नाही, तरी होतं. मूळ कागदपत्रं अडवून ठेवू नयेत हे विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) कधीच सांगितलेलं आहे.

माझं मत असं की फी कॉलेजकडे जावी आणि भत्ता मुलाकडे. दोन्ही एका खात्यात टाकून आपण गरीब मुलाला थकबाकीदार करतो.

तिफण

हिशेबनीस दादा, तुमचं म्हणणं पटतं, पण पूर्ण नाही. फी कॉलेजकडे जायची तेव्हा काय झालं ते आपण विसरू नये. बोगस प्रवेश दाखवून शिष्यवृत्ती लाटल्याच्या तक्रारी एवढ्या वाढल्या की २०१६ मध्ये राज्याला विशेष तपास पथक नेमावं लागलं. ज्या मुलांना कॉलेजचं दारही माहीत नव्हतं त्यांच्या नावावर पैसे उचलले जात होते. पैसा थेट खात्यात गेल्यावर निदान मुलाला कळतं तरी की आपल्या नावावर किती आलं.

माझा आक्षेप वेळेवर आहे. फी भरायची तारीख आणि पैसे येण्याची तारीख जवळजवळ असत्या, तर ७ दिवसांची अट कुणालाच जाचली नसती. वर्षभराच्या उसनवारीनंतर आलेला पैसा येण्याआधीच वाटला गेलेला असतो.

बँकेतला_माणूस

निवृत्त बँक अधिकारी आहे, थोडं वेगळं बोलतो. राग मानू नये. सरकारचा पैसा उशिराच येणार, हे वर्षानुवर्षं पाहतो आहोत. शैक्षणिक कर्जात हा प्रश्न येत नाही. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, फी थेट कॉलेजला मुदतीत जाते, वसतिगृहाचा खर्चही त्यात बसवता येतो, आणि परतफेड शिक्षण संपून वर्षभराने सुरू होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी मंजूर केली. तिच्यात जामीनदारही नको, आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत. ज्याला पुढे नोकरी लागणार आहे त्याने कर्ज घ्यावं आणि शिष्यवृत्तीचा पैसा अगदी तळातल्या मुलांसाठी राखावा, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

रानजाई

काका, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. पण मी त्या तळातूनच आलेली आहे, म्हणून सांगते. पीएम-विद्यालक्ष्मी देशातल्या निवडक संस्थांसाठीच आहे, मंजूर झाली तेव्हा त्या ८६० होत्या. आमच्या भागातल्या मुली ज्या कॉलेजांत जातात त्यांतलं एकही त्या यादीत नव्हतं. साध्या शैक्षणिक कर्जाला बाप सहकर्जदार लागतो. माझ्या वडिलांचं पीककर्ज दोन दुष्काळांत थकलं होतं. बँकेने संगणकावर नाव टाकलं आणि विषय तिथेच संपला. ज्याचं शेत बुडालं त्याच्याच मुलीला कर्ज मिळत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातली, इंजिनिअर झाले, आता पुण्यात नोकरी करते. मला तारलं ते सरकारी वसतिगृहाने. फी सगळ्यांचीच माफ होती. माझ्यासोबत गावातून आलेल्या दोघी बाहेर खोली करून राहिल्या. एकीला दुसऱ्या वर्षी विषय राहिले, घरच्यांनी लग्न लावलं. दुसरी टिकली, पण ती रात्री एका दुकानात हिशेब लिहायची. वसतिगृहात मला जेवणाची चिंता नव्हती, शेजारच्या खोलीत थर्मोडायनॅमिक्स समजावणारी सिनिअर होती, आणि कोणता अर्ज कधी भरायचा हे फळ्यावर लिहिलेलं असायचं. हे शेवटचं फार मोठं आहे. पहिल्या पिढीतल्या मुलीला तारीख कोण सांगणार?

म्हणून भत्ता वाढवण्याआधी वसतिगृहाच्या खाटा वाढवा असं माझं म्हणणं आहे. भत्त्याचा पैसा भाड्यात जातो. वसतिगृहात सोबतही मिळते.

पंचगंगा_ते_ओहायो

रानजाई, फळ्यावरच्या तारखांचं वाचून राहवलं नाही. मूळचा कोल्हापूरचा, बरीच वर्षं अमेरिकेत ओहायोत आहे. इथे केंद्र सरकारच्या मदतीसाठी फाफ्सा नावाचा अर्ज भरावा लागतो. पेल अनुदान, म्हणजे गरीब मुलांना मिळणारी परत न करावी लागणारी मदत, त्यावरच मिळतं. २००८ मध्ये ओहायो आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट इथे अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. कमी उत्पन्नाची कुटुंबं प्राप्तिकराचं विवरणपत्र भरून घ्यायला एका कंपनीच्या कार्यालयात येत. त्यांपैकी काहींना तिथल्या तिथे हा अर्ज भरून दिला, माहिती हाताशी होतीच. काहींना नुसतं सांगितलं की तुम्हाला अंदाजे एवढी मदत मिळू शकते, अर्ज तुम्ही भरा.

ज्यांचा अर्ज भरून दिला, त्यांच्या बारावी संपवत आलेल्या मुलांत कॉलेजची दोन वर्षं पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण २८ वरून ३६ टक्क्यांवर गेलं. ज्यांना नुसती माहिती दिली, त्यांच्यात काहीच फरक पडला नाही. योजना तीच, रक्कम तीच. फरक पडला तो शेजारी बसून अर्ज भरून देणाऱ्या माणसाने.

आणि उलटंही झालं. हा अर्ज सोपा करायचा म्हणून नवा काढला, तो ऑक्टोबर २०२३ ऐवजी डिसेंबरच्या अखेरीस सुरू झाला, आणि कॉलेजांना मुलांची माहिती मिळायला मार्च २०२४ उजाडला. मदत किती मिळणार हे न कळताच मुलांना कॉलेज निवडायची वेळ आली. अर्ज भरणाऱ्यांची संख्या घसरली. श्रीमंत देशातही अर्जाची तारीख चुकली की गरीब घरातलं मूलच मागे राहतं.

पाटीपेन्सिल

इतिहासाची शिक्षिका आहे. थोडं मागे जाते.

बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. पुढे लंडनमध्ये शिक्षण चालू असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना अर्धवट सोडून परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, तेव्हा १९२० मध्ये पुन्हा जाता आलं. एवढ्या अफाट बुद्धीच्या माणसाचं शिक्षणही पैशाच्या तारखेमुळे तीन वर्षं थांबलं. ज्यांना परत जायला ना नोकरी होती ना शाहू महाराज, असे किती असतील?

म्हणूनच आपल्याकडच्या थोरांनी आधी वसतिगृहं काढली. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि मग एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापली, १९२४ मध्ये साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग काढलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या पोरांच्या जेवणासाठी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. १९४७ मध्ये साताऱ्यात कॉलेज काढलं तेही 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. अमरावतीत पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय चालवलं. आज ज्यांच्या नावाने आपण भत्त्याच्या योजना काढतो, त्यांनी मुलाच्या ताटापासून सुरुवात केली होती.

बँकेतला_माणूस

रानजाई, पीककर्जाचा मुद्दा तुमचा खरा आहे. शाखेत असताना अशी प्रकरणं माझ्यासमोर आली होती आणि नियमापुढे माझे हात बांधलेले होते. निदान शैक्षणिक कर्जापुरतं थकलेलं पीककर्ज वेगळं धरावं, ही मागणी बँकांकडे जायला हवी. त्याचा मसुदा मी लिहून देतो.

घाटमाथा

विषय मोठा चालू आहे, मध्येच घरचा प्रश्न विचारतो, माफ करा. मुलीला कॅपमधून संगणक अभियांत्रिकी मिळालं आहे. आम्ही ओबीसी, उत्पन्न तीन लाखांच्या आसपास. कॉलेज म्हणतं पूर्ण फी आत्ता भरा, शासनाचे पैसे आले की परत देऊ. भरायचे कुठून?

हिशेबनीस

घाटमाथा साहेब, भरू नका. पात्र मुलींकडून प्रवेशावेळी शिक्षण शुल्क घेऊ नये असं उच्च व तंत्रशिक्षण विभागाने कॉलेजांना बजावलेलं आहे. पण आधी एक पक्कं करा, ते कॉलेज अभिमत (डीम्ड) किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठाचं नाही ना? त्यांना ही योजना लागू नाही, पुष्कळ पालक इथेच फसतात. नसेल तर प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या, शासन निर्णयाची प्रत जोडा आणि पोच घ्या. ऐकलं नाही तर विभागीय तंत्रशिक्षण सहसंचालक कार्यालयात तीच पोच घेऊन जा. इतर शुल्क मात्र भरावं लागेल. त्याचं शीर्षकवार लिहिलेलं पत्रक मागा.

आता तयारी. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता किंवा समितीकडे केलेल्या अर्जाची पावती, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास, कॅपचं जागावाटप पत्र. हे सगळं स्कॅन करून ठेवा, अक्षर वाचता आलं पाहिजे. आधारला मुलीचाच मोबाइल नंबर जोडा. दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकसारखं हवं. एका काना-मात्रेवरून अर्ज परत आलेले मी पाहिलेत.

आणि बँक. शिष्यवृत्ती अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाही, आधारशी सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. मोबाइलच्या दुकानात कुणीतरी अंगठा घेऊन पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलेलं असतं, पैसे तिथे पडतात आणि घरचे दुसऱ्या पासबुकावर नोंद शोधत बसतात. बँकेत जाऊन डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसा थेट जमा होण्यासाठी, कोणतं खातं जोडलंय ते तपासा.

घाटमाथा

फार उपकार झाले. आमच्याकडे असंच एक खातं निघेल बहुतेक, तपासतो. राहण्याचं अजून ठरलेलं नाही. ओबीसींच्या त्या सावित्रीबाई फुले आधार योजनेसाठी भाडेकरार लागतो म्हणतात, आणि घरमालक करार करायला तयार नाही.

रानजाई

काका, मुलींना बहुतेक ठिकाणी हाच अनुभव येतो. आधी सरकारी वसतिगृहाचा अर्ज भराच, जागा मिळण्याची खात्री नसली तरी. या योजना वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी आहेत, तेव्हा तो अर्ज केल्याचा कागद हाताशी हवा. घरमालकाला कराराची भीती कराची असते. तीन-चार मुली मिळून एकच करार करायचा प्रस्ताव द्या, आमच्या ओळखीतल्या मुलींना तसं जमलं. पुण्यात येणार असाल तर मला व्यक्तिगत निरोप करा, खोली शोधायला मी सोबत येते.

तिफण

सगळ्यांचे आभार. या चर्चेतून मी आमच्या कॉलेजात दोन गोष्टी सुरू करते आहे. प्रवेशाच्याच दिवशी मुलाला शेजारी बसवून अर्ज भरून द्यायचा, नुसती सूचना फलकावर लावायची नाही. आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचे दाखले व आधारचे नंबर दसऱ्याच्या आत करून घ्यायचे, आईबाप गावात असेपर्यंत.

तिसरी गोष्ट तुमच्याकडून हवी आहे. समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना आम्ही शिक्षक मिळून भेटणार आहोत. "पैसे उशिरा येतात" एवढंच सांगितलं तर "बघतो" म्हणतात. म्हणून ज्यांना किंवा ज्यांच्या मुलांना स्वाधार, स्वयम, आधार, निर्वाह भत्ता किंवा मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते, त्यांनी इथे चार गोष्टी लिहा: जिल्हा, योजना, अर्ज केल्याचा महिना, पैसे जमा झाल्याचा महिना. नाव-गाव नको. मी त्याचा तक्ता करून भेटीत देईन आणि काय उत्तर मिळालं ते याच धाग्यावर टाकेन.

हिशेबनीस

ताई, तक्त्यात आणखी दोन रकाने घाला. अर्ज कॉलेजच्या लॉगिनला किती काळ पडून होता, आणि दुरुस्तीसाठी परत आला होता का. उशीर कॉलेजात होतो की खात्यात, हे त्याशिवाय कळणार नाही. आमच्या कार्यालयाकडून झालेला उशीर असेल तर तोही दिसू द्या. माझ्या टेबलावरच्या नोंदी, नावं काढून, या आठवड्यात पाठवतो.